स्टीम ड्रममधला उजेड : तपासणीसाठी टॉर्च निवडण्याचे एक प्रकरण

२०२१-२२ चा गळीत हंगाम महाराष्ट्रात विक्रमी ठरला आणि शेतात उभा राहिलेला जादा ऊस संपवता संपवता मराठवाड्यातील अनेक साखर कारखान्यांचे गाळप जूनपर्यंत लांबले. ज्या कारखान्यात हे प्रकरण घडले तो त्यांपैकीच एक. एरवी एप्रिलमध्ये बॉयलर थंड करून निवांतपणे ओव्हरहॉलिंगला लागणाऱ्या अभियांत्रिकी विभागाच्या हातात त्या वर्षी जेमतेम चार महिने उरले होते, आणि आमची घरची तपासणी, नळ्या बदलणे, हायड्रोलिक टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली चाचणी) आणि बाष्पके (बॉयलर) संचालनालयाच्या निरीक्षकांची भेट हे सगळे त्याच चार महिन्यांत बसवायचे होते. तपासणीच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. घाईच्या दिवसांत टॉर्चसारख्या किरकोळ वस्तूकडे कोणाचे लक्ष जात नाही. आमचेही गेले नव्हते.

भांडार विभागाने तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराचे बारा टॉर्च घेतले होते. (आमच्याकडे बोलताना टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि आतल्या बॅटरीला ‘सेल’, येथे घोटाळा नको म्हणून टॉर्च आणि सेल हेच शब्द वापरले आहेत.) डब्यावर १०,००० ल्युमेन असे छापलेले होते, पुढचे भिंग मागेपुढे सरकवून झोत लहानमोठा करता येत होता आणि कार्यालयाच्या आवारात रात्री तो दूरच्या चिमणीवर मारला तेव्हा सगळेच खूश झाले.

स्टीम ड्रम म्हणजे बॉयलरमधले पाणी आणि वाफ जेथे वेगळी होतात ते आडवे नळकांडे. त्यात मॅनहोलमधून अंग चोरून आत जावे लागते. आत गेल्यावर माणूस उभा राहू शकत नाही, गुडघ्यांवर बसूनच पुढे सरकतो. खाली नळ्यांच्या तोंडांच्या रांगा असतात, बाजूला ड्रमची वळलेली प्लेट असते आणि हंगामभर पाणी जेथवर राहिले त्या पातळीची एक फिकट रेषा दोन्ही बाजूंना लांबवर गेलेली दिसते. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी दीड तास आत काढला. नवा टॉर्च समोर धरला की प्लेटवर पांढराशुभ्र गोल उमटायचा, त्याच्या कडेपलीकडे मात्र काळोख. आम्ही तो गोल प्लेटभर फिरवला आणि बाहेर येऊन वहीत लिहिले की प्लेटची सर्वसाधारण स्थिती चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी नळ्यांची तोंडे मोजायला पुन्हा आत गेलो. माझ्या सहकाऱ्याला नोंद लिहायची होती, म्हणून त्याने टॉर्च सेपरेटर (वाफेतले पाणी वेगळे करणारा भाग) काढल्यावर मोकळ्या राहिलेल्या ब्रॅकेटवर आडवा ठेवला. झोत प्लेटला जवळजवळ घासून गेला आणि पाण्याच्या रेषेलगत तळहाताएवढ्या जागेत मसुरीच्या दाण्याएवढे खड्डे एकदम उठून दिसले. प्रत्येक खड्ड्याची एक कड चमकत होती आणि दुसऱ्या कडेला चंद्रकोरीसारखी सावली पडली होती. टॉर्च उचलून सरळ समोर धरला तर खड्डे नाहीसे झाले. पुन्हा आडवा केला तर परत आले. पिट गेज, म्हणजे खड्ड्याची खोली मोजणारे साधन, लावून पाहिले तेव्हा सर्वांत खोल खड्डा १.२ मिलिमीटर भरला. त्याच जागेवरून आदल्या दिवशी आमची नजर दोनदा फिरली होती. खड्डे तसे धोक्याच्या मर्यादेत होते, परंतु नोंद चुकली होती, आणि बॉयलरच्या तपासणीत चुकलेल्या नोंदीचे परिणाम पुढच्या हंगामात भर गाळपात समोर येतात. त्या संध्याकाळी मी मुख्य अभियंत्यांकडे टॉर्चचा विषय नेला.

मला सांगायचे होते ते एवढेच की पृष्ठभागावरचा दोष उजेडाने दिसत नाही, सावलीने दिसतो. उजेड समोरून पडला की खड्ड्याचा तळ आणि आजूबाजूची प्लेट सारख्याच उजळतात आणि डोळ्याला फरक करायला काही उरत नाही. उजेड पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांच्या उतरत्या कोनातून आला की उथळ खड्ड्यालाही सावली मिळते. तेव्हा टॉर्च निवडायचा तो ही सावली हवी तशी, हवी तेथे आणि हव्या तितक्या वेळ पाडता येईल असा. डब्यावरच्या ल्युमेनच्या आकड्याचा या गोष्टीशी जवळजवळ संबंध नसतो.

हे साध्या गणिताने दाखवता येते. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, कँडेला म्हणजे एका दिशेतली त्याची तीव्रता आणि लक्स म्हणजे प्रत्यक्ष पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर पोहोचलेला प्रकाश. उजेड समोरून पडत असेल तर कँडेलाला मीटरमधील अंतराच्या वर्गाने भागले की लक्स मिळतात. वेल्डिंगच्या दृश्य तपासणीसाठीच्या आयएसओ १७६३७ या मानकात पृष्ठभागावर किमान ३५० लक्स मागितले आहेत आणि ५०० लक्सची शिफारस आहे. डोळा ६०० मिलिमीटरच्या आत आणि पृष्ठभागाशी ३० अंशांपेक्षा कमी नसलेल्या कोनात असावा, असेही त्यात म्हटले आहे. (हा कोन नजरेचा आहे, उजेडाचा नव्हे, या दोहोंची गल्लत आमच्या बैठकीतही झाली.) अमेरिकन बॉयलर संहितेच्या पाचव्या विभागात हाच आकडा सुमारे १,००० लक्स आहे. आता अर्ध्या मीटरवरून १,००० लक्स हवे असतील तर लागतात फक्त २५० कँडेला. एवढी तीव्रता ६० अंशांच्या रुंद शंकूत सारखी पसरवायची म्हटली तरी २१० ल्युमेन पुरतात. आमचा नवा टॉर्च भिंग ओढून झोत आवळला की दहा हजार कँडेलाच्या वर जात होता, म्हणजे अर्ध्या मीटरवर ४०,००० लक्सपेक्षा अधिक. ओलसर, काळसर प्लेटवरून परत येणाऱ्या त्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली आकसते आणि झोताच्या कडेबाहेर काय आहे हे दिसेनासे होते. आम्ही पहिल्या दिवशी जास्त उजेडामुळेच कमी पाहिले.

मुख्य अभियंत्यांनी विचारले, “मग दोनशे ल्युमेनचा साधा टॉर्च घ्यायचा का?” प्रश्न बरोबर होता, पण कारखान्यात एकच काम नसते. मळीच्या टाकीत वरच्या मॅनहोलमधून बारा मीटर खाली पाहायचे असते आणि तेथे कमीत कमी ५० लक्स हवे असतील तर ७,२०० कँडेला लागतात. हे काम रुंद झोताच्या टॉर्चने कधीच होणार नाही. टॉर्चसाठीच्या एफएल-१ या अमेरिकन मानकाप्रमाणे डब्यावर जे झोताचे अंतर छापतात ते ०.२५ लक्स उरेपर्यंतचे असते, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतके. ७,२०० कँडेलाच्या टॉर्चवर १७० मीटर असा आकडा येतो, पण १७० मीटरवर तपासणी करता येते असा त्याचा अर्थ नाही. तेथे काहीतरी उभे आहे एवढेच कळते. छापलेल्या अंतराला दोनाने भागून त्याचा वर्ग केला की कँडेला हाती येतात आणि मग आपल्या अंतराला किती लक्स पडतील याचा हिशेब कोणालाही करता येतो. भांडारपालांना मी हे गणित एका चिठ्ठीवर लिहून दिले.

त्यानंतर आम्ही चाचणी घेतली. जुन्या इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेवर बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागाच्या) भंगारात काढलेल्या नळीचा एक उभा कापलेला तुकडा घेतला, ज्यात गंजाचे उथळ खड्डे होते, आणि खिडक्यांना गोणपाट लावलेल्या खोलीत पाच वेगवेगळे टॉर्च त्यावर मारून पाहिले. पाहणाऱ्या चार जणांना खड्ड्यांची संख्या आधी सांगितली नव्हती. भिंग सरकवायच्या टॉर्चच्या आवळलेल्या झोतात एलईडीच्या चिपची चौकोनी प्रतिमा त्या तुकड्यावर उमटत होती, आणि आत खोल गुळगुळीत परावर्तक असलेल्या टॉर्चमध्ये मधोमध तीव्र ठिपका व भोवती वर्तुळे दिसत होती. ही वर्तुळे आणि त्या चौकोनाच्या कडा खड्ड्यांच्या सावलीत मिसळून जात होत्या आणि दोघांनी नसलेले खड्डेही मोजले. खरबरीत परावर्तकाचा किंवा दाणेदार भिंगाचा टॉर्च, ज्याचा झोत मधून कडेपर्यंत हळूहळू विरत जातो, तो आडवा धरला तेव्हा चौघांचीही संख्या जुळली.

रंगाचा मुद्दा याच चाचणीत पुढे आला. बॉयलरच्या आतली तपासणी पुष्कळशी रंग वाचण्याची असते : प्लेटवर तयार झालेला काळा, घट्ट, चिकटलेला थर चांगला, तांबूस ताजा गंज वाईट, आणि जादा तापलेल्या नळीवर येणारी पिवळसर-निळसर झाक तर आवर्जून शोधायची असते. बाजारातल्या बहुतेक एलईडी थंड, निळसर पांढऱ्या असतात आणि त्यांचा रंगदर्शन निर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा), ज्याला सगळे सीआरआय म्हणतात, ७० च्या आसपास असतो. त्यांच्या प्रकाशात लाल रंगाचा भाग इतका कमी असतो की गडद लालसाठी वेगळा मोजला जाणारा आर-९ हा आकडा अनेकदा शून्याच्याही खाली जातो. डीपी टेस्टमध्ये (चिरेत लाल द्रव मुरवून वर डेव्हलपर नावाचा पांढरा थर देण्याची चाचणी) पांढऱ्या डेव्हलपरवर उमटणारी लाल रेघ ठळक असेल तर ती कोणत्याही उजेडात दिसते. परंतु केसासारख्या चिरेतून झिरपलेली फिकट गुलाबी रेघ थंड एलईडीखाली मळकट राखाडी दिसते आणि डेव्हलपरवर बोट लागल्याचा डाग समजून सोडून दिली जाते. आम्ही साखरेचा पाक आटवणाऱ्या पॅनच्या कॅलँड्रियावरील (वाफेने तापणाऱ्या नळ्यांच्या भागावरील) एका वेल्डवर थंड एलईडीचा आणि उत्तम रंगदर्शनाचा असे दोन टॉर्च आळीपाळीने मारून पाहिले आणि ९० च्या वर सीआरआय असलेल्या, सुमारे ४,५०० केल्व्हिनच्या (म्हणजे कमी निळसर उजेडाच्या) टॉर्चचा आग्रह त्याच वेळी पक्का केला. असा एलईडी त्याच सेलवर थोडा कमी ल्युमेन देतो. तेवढे ल्युमेन मी आनंदाने सोडून देईन.

सेलच्या बाबतीत मात्र आम्हाला धक्का बसला. बाराही टॉर्चमध्ये १८६५० आकाराचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, लिथियम-आयन सेल होते आणि त्यांवर ९,९०० मिलिअँपिअर-तास असे छापले होते. या आकाराचे चांगल्या उत्पादकांचे सेल ३,५०० च्या आसपास थांबतात. अगदी वरचे म्हटले तरी ४,००० च्या फार पुढे कोणी जात नाही. साखर कारखान्यात अचूक तराजूची वाण नसते, म्हणून एक सेल प्रयोगशाळेत नेऊन तोलला. अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. हा ३१ ग्रॅम भरला. वेष्टनाच्या आत काय आहे हे पाहण्यासाठी तो कापण्याची गरज नव्हती, आणि लिथियम सेल कापूही नये.

अस्सल सेलमध्ये किती ऊर्जा मावते याचा हिशेब केला की जाहिरातीतले निम्मे दावे तेथेच गळून पडतात. ३.६ व्होल्ट आणि ३,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १०.८ वॉट-तास. उत्तम रंगदर्शनाचा एलईडी आणि त्याचे सर्किट मिळून दर वॉटला शंभरेक ल्युमेन हाती देतात असे धरले, तर एका सेलवर २५० ल्युमेन सुमारे चार तास मिळतील. एक हजार ल्युमेन दहा तास, असा दावा एका सेलच्या टॉर्चवर छापलेला दिसला की डबा परत ठेवावा. त्यातही एफएल-१ प्रमाणे चालण्याचा वेळ प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजला जातो, त्यामुळे ५०० ल्युमेनच्या टॉर्चवर आठ तास लिहिले असले तरी त्यातले बरेचसे तास तो शंभराच्या खाली रांगत असू शकतो. आम्ही लक्समीटर एक मीटरवर पक्का बांधून दर दहा मिनिटांनी वाचन घेतले. स्वस्त टॉर्चचा उजेड पहिल्या मिनिटापासून सतत उतरत होता, इतका सावकाश की डोळ्याला त्याची खबरच लागत नव्हती. डोळा मंद होत जाणाऱ्या उजेडाशी जुळवून घेतो आणि पाहणाऱ्याला वाटते की प्लेटच गुळगुळीत आहे. ज्यात सर्किट प्रकाश स्थिर ठेवते, सेल उतरल्यावर ठरलेली पायरी स्पष्टपणे खाली येते आणि आधी इशारा मिळतो, असा टॉर्च तपासणीसाठी योग्य.

प्रकाश कमी करण्याची पद्धतही तपासावी लागते. काही टॉर्च एलईडी वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतात. मिलचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरेच फिरतात, तेथे काही बिघडत नाही. परंतु आयडी फॅनच्या (बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टवर किंवा साखरेपासून मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल यंत्राच्या कपलिंगवर अशा उजेडात फिरता भाग थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा भासू शकतो, आणि तो भास जिवावर बेतणारा आहे. अंधारात टॉर्च झपकन आडवा हलवावा : अखंड पट्टा दिसण्याऐवजी ठिपक्यांची माळ दिसली तर तो टॉर्च चालत्या यंत्राजवळ न्यायचा नाही.

ड्रममध्ये आणखी एक गोष्ट घडू शकते आणि तिचा विचार टॉर्चच्या कोणत्याही डब्यावर नसतो. आमच्या बॉयलरच्या नळ्यांचे तोंड टॉर्चपेक्षा मोठे आहे. २५ मिलिमीटर जाडीचा टॉर्च हातातून सुटला तर तो नळीतून सरळ खाली जाईल, आणि तो अडकला आहे हे कळले नाही तर हंगामात त्या नळीतले पाणी अडून ती तापून फुटेल. म्हणून ड्रममध्ये जाणाऱ्या प्रत्येक टॉर्चला मनगटाची दोरी सक्तीची केली आणि आत नेलेल्या वस्तू मॅनहोलवर लिहून मोजून घेण्याची पद्धत, जी हत्यारांपुरती होती, ती टॉर्च, सेल आणि खडूलाही लावली. मागच्या टोकाला चुंबक आणि डोके काटकोनात वळलेले असा टॉर्च आम्ही पसंत केला, कारण तो प्लेटला चिकटवला की झोत आपोआप प्लेटलगत आडवा जातो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. दुसऱ्या दिवशी ब्रॅकेटवर जे चुकून घडले ते त्यामुळे रोजच्या पद्धतीत आले. चुंबकाला घासकामाचा लोखंडी चुरा चिकटतो, तो दर वेळी पुसावा लागतो. नाहीतर टॉर्च प्लेटवर सरकतो.

आता डिस्टिलरी, म्हणजे कारखान्याचा इथेनॉल तयार करणारा विभाग. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग हा आहे. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ३६-अ नुसार टाकी, खड्डा, पाइप, धुराडे अशा बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा हातदिवा नेता येत नाही. ट्रान्सफॉर्मरवर चालणारे आमचे जुने हातदिवे त्यासाठीच २४ व्होल्टचे होते, आणि ३.६ व्होल्टचा टॉर्च ही अट सहज पाळतो. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की जेथे ज्वालाग्राही वायू, वाफ किंवा धूळ असण्याचा संभव आहे तेथे ज्वालारोधक बनावटीखेरीज दुसरा दिवा नेऊ नये. आमच्या बारा टॉर्चपैकी दोन डिस्टिलरीत पाठवले गेले होते, आणि ते का चालतील याचे भांडारातून मिळालेले उत्तर होते की ते वॉटरप्रूफ आहेत, पाणी जात नाही तर वाफ कशी जाईल.

शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे मराठवाड्यातल्या कोणत्याही दुपारी त्याची पेट घेण्याजोगी वाफ तयारच असते. हवेत ती ३.३ टक्के झाली की ठिणगीची वाट पाहत असते. टॉर्चच्या स्विचमध्ये ती ठिणगी असते आणि टॉर्च पडून फुटला तर सेलच्या टोकांशीही असते. आयपी ६८ हे पाणी आणि धूळ यांबद्दलचे प्रमाण आहे, स्फोटक वातावरणाबद्दल ते काहीही सांगत नाही. तेथे लागणारा टॉर्च स्फोटक वातावरणातील उपकरणांसाठीच्या आयईसी ६००७९ या मानक-मालिकेप्रमाणे प्रमाणित असावा लागतो, त्यावर वायुगट आणि तापमानवर्ग कोरलेला असतो, आणि इथेनॉलसाठी आयआयबी किंवा त्याहून कडक आयआयसी गट पाहून घ्यावा. टाकीच्या आत, जेथे वाफ कायम असते त्या शून्य झोनसाठी, ‘आयए’ श्रेणीची उपजत-सुरक्षित (वाफ पेटवण्याइतकी ठिणगीच पडू न देणारी) बनावट लागते. पंपांच्या आसपासच्या, जेथे वाफ अधूनमधून असू शकते त्या पहिल्या झोनला ‘आयबी’ पुरते. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) या केंद्रीय संस्थेची मान्यता आहे का, हेही आम्ही कागदावर पाहिले, विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर नाही. ‘एक्स्प्लोजन प्रूफ’ असा स्टिकर लावलेला एक नमुना आला होता. प्रमाणपत्र मागितल्यावर ते आले नाही, म्हणून तो परत केला. प्रमाणपत्र ठरावीक सेलसह दिलेले असते, त्यामुळे दुसरा सेल घातला की ते लागू राहत नाही, आणि सेल बदलणे किंवा चार्ज करणे धोक्याच्या क्षेत्राबाहेरच करायचे असते. या टॉर्चचा उजेड थंड आणि रंगदर्शन बेताचे निघाले. तेथे मी तडजोड मान्य केली, कारण डिस्टिलरीत पहिला प्रश्न रंगाचा नाही.

शेवटी खरेदी अशी झाली : काटकोनी डोक्याचे, रुंद झोताचे, ९० च्या वर सीआरआयचे चार टॉर्च, टाक्या आणि चिमणीसाठी लांब झोताचा एक, आणि डिस्टिलरीसाठी प्रमाणित दोन. बारा टॉर्चच्या तुलनेत हे सात नग बरेच महाग पडले आणि खरेदी समितीने त्यावर प्रश्न विचारले. भंगार नळीचा तुकडा आणि दोन टॉर्च मी बैठकीच्या खोलीत नेले, दिवे घालवले आणि समितीच्या सदस्यांना खड्डे मोजायला सांगितले. मंजुरी त्याच दिवशी मिळाली, मात्र पुढच्या दरपत्रकांत ल्युमेनऐवजी कँडेला, सीआरआय, स्थिर प्रकाशाचा वेळ आणि सेलचा उत्पादक या बाबी लेखी मागवाव्यात अशी दुरुस्ती समितीनेच सुचवली.

जुन्या टॉर्चमधले सेल काढून ई-कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडे दिले. चार्जर बगॅस (उसाचा चोथा) साठवण्याच्या यार्डाकडच्या खोलीतून हलवून कार्यालयात सिमेंटच्या ओट्यावर ठेवला. डिस्टिलरीच्या दोन टॉर्चवर लाल पट्टी मारून ते वेगळ्या कपाटात ठेवले आणि त्या कपाटाची किल्ली शिफ्ट केमिस्टकडे दिली. ऑगस्टच्या अखेरीस स्टीम ड्रम पुन्हा एकदा टोकापासून टोकापर्यंत आडव्या उजेडात पाहिला, तेव्हा पाण्याच्या रेषेवर विरुद्ध बाजूलाही तसेच, पण अधिक उथळ, खड्ड्यांचे दोन पुंजके मिळाले. त्यांची जागा मॅनहोलपासूनच्या अंतरासह नोंदवली, फोटो टॉर्चच्या त्याच कोनातून काढले आणि असे खड्डे पाडणाऱ्या, फीड वॉटरमधील (बॉयलरला पुरवल्या जाणाऱ्या पाण्यातील) ऑक्सिजनचा प्रश्न डीएरेटरची, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राची, दुरुस्ती पाहणाऱ्यांकडे सोपवला.